दाराचा पडदा

राहुरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या दाराला कायम पडदा असायचा. अब्बा टेलर, त्यामुळे पडद्यासाठी कापड विकत आणायची वेळ कधी आली नाही. गिऱ्हाइकं मागायला विसरलेले उरलेसुरले तुकडे जोडून अम्मी तो शिवायची. कुठे पँटपीसचा राखाडी तुकडा, कुठे शर्टाच्या चौकड्या, मध्येच शाळेच्या गणवेशाची खाकी पट्टी. दार दिवसभर उघडं आणि पडदा खाली, ही आमची रीत. वर्षातून एखाद-दोन दिवस मात्र अब्बा सकाळीच तो पडदा वर गुंडाळायचे आणि खिळ्याला अडकवून ठेवायचे. तो दिवस भारत-पाकिस्तान मॅचचा असायचा.

मला वाटायचं, त्या दिवशी माणसं जास्त जमतात, हवा खेळती राहावी म्हणून करत असतील.

घरात टीव्ही आला 1993 मध्ये. त्या जूनला अब्बांना एका शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर मिळाली होती. दुकानातली दोन मशीन महिनाभर रात्री अकरापर्यंत चालली आणि त्या पैशातून ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही घरी आला. दादीने त्याच्यावर ओढणी टाकली, नजर लागू नये म्हणून. अँटेना पत्र्यावर. वारा सुटला की ती फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग मी पत्र्यावर चढायचो. खालून आपा ओरडायची, "आया, आया... गया! थोडा पीछे!" सचिनच्या किती चौकारांच्या वेळी मी पत्र्यावर होतो याचा हिशेब नाही. खालून आवाज उठला की समजायचं, चौकार गेला.

आणि लाइट गेली की रेडिओ. तो अब्बांचा खरा सोबती. दुकानात मशीनच्या शेजारी लाकडी फळीवर असायचा. तरुणपणी अब्बांनी बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलं होतं आणि ते शब्द त्यांच्या तोंडात घट्ट बसले होते. आम्ही 'बॉलर' म्हणायचो, अब्बा 'गोलंदाज'. घरात आम्ही दखनी ढंगाची हिंदी बोलत असू, पण क्रिकेटचा विषय निघाला की अब्बा शुद्ध मराठीत शिरत. यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण, पायचीत. दादीला यातलं काही समजायचं नाही. ती एवढंच विचारायची, "अपने कितने रे?" आता मला गंमत वाटते की 'गोलंदाज' हा शब्द मुळात फारसी. तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज, शिवकाळातल्या फौजेतही होता. तिथून तो चेंडू टाकायला कधी आला, कुणास ठाऊक, पण अब्बांच्या तोंडी तो अस्सल मराठी होता.

मॅच बघायला शेजारचे पोस्टमन काका यायचे. त्यांच्या घरी आधीपासून टीव्ही होता, तोही रंगीत. तरी ते यायचे. म्हणायचे, "मास्तर, घरी बायको मॅच बघू देत नाही." ते खोटं होतं, कारण काकू त्यांच्याच हातून कांदेपोह्यांचं ताट पाठवायच्या. काका भिंतीला टेकून बसायचे. अब्बा शेजारी, मांडीवर कुणाच्या तरी पँटीची तुरपाई. सामना कितीही रंगला तरी अब्बांच्या हातातली सुई थांबायची नाही. थांबली तर समजायचं, आता विकेट पडते आहे. पडदा खाली असेल त्या दिवशी अम्मी आणि आपाही पुढच्या खोलीत, कोपऱ्यात बसायच्या. पडदा वर असेल त्या दिवशी त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर. तिथून अर्धाच टीव्ही दिसायचा. अम्मी कुरकुरायची, "पाकिस्तान की मॅच क्या, हमकू आधाच मैदान दिखता."

आपा अझहरची भक्त होती. तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती. वर्तमानपत्रांतले, 'एकच षटकार'च्या रद्दीतून मिळालेल्या अंकांतले अझहरचे फोटो कापून खळीने त्यात चिकटवलेले. वर केलेली कॉलर, गळ्यातला ताईत, मनगटाने मिडविकेटला वळवलेला चेंडू. कात्री अब्बांची होती आणि टेलरच्या कात्रीने कागद कापला की धार जाते, म्हणून दर वेळी मार पडायचा. तरी वही जाड होत गेली.

9 मार्च 1996. बंगळूरची उपांत्यपूर्व फेरी. मी पाचवीत होतो. त्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत सोळा माणसं होती, मी मोजली होती. सिद्धूच्या 93 धावा, मग जडेजा. वकार युनूसच्या शेवटच्या दोन षटकांत 40 धावा निघाल्या आणि पोस्टमन काकांनी उडी मारली ती पोह्यांच्या ताटात. रात्री आमिर सोहेलने प्रसादला चौकार मारून बॅटने सीमारेषा दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला, तेव्हा आमच्या खोलीत जो आवाज झाला त्याने दादी जागी होऊन कलमा पढायला लागली. तिला वाटलं, भूकंप. लातूरचा भूकंप होऊन अडीच वर्षंच झाली होती.

जिंकल्यावर अब्बा उठले आणि कपाटामागून फटाक्यांची लड काढली. दिवाळीतली उरलेली. ती त्यांनी मुद्दाम ठेवली होती हे मला माहीत नव्हतं. गल्लीत पहिली लड आमच्या दारात वाजली. मला त्याचा इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटलो. त्या दिवशी गल्लीत एकच बोलणं होतं: आपल्या अझहरने पाकिस्तानला घरी पाठवलं.

चारच दिवसांनी ईडन गार्डनची उपांत्य फेरी. अझहरने टॉस जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. सचिन 65 वर यष्टिचीत झाला आणि रांग लागली. 8 बाद 120. स्टँडमध्ये आग, मैदानावर बाटल्या, विनोद कांबळी रडत परत येतोय. आपाही रडत होती. आमच्याकडे त्या रात्री कुणी जेवलं नाही.

सकाळी शाळेत मधल्या सुट्टीत एका मुलाने मला विचारलं, "तुमच्या अझहरने पहिली बॅटिंग का नाही घेतली रे?"

तो वाईट मुलगा नव्हता. आम्ही एका डब्यात खायचो. त्याने कदाचित घरी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं आणलं असेल. मी उत्तर दिलं की श्रीलंका पाठलाग चांगला करते, म्हणून त्याला त्यांना आधी खेळवायचं होतं. उत्तर बरोबर होतं. पण घरी येताना मी त्या 'तुमच्या'वर अडकलो होतो. शनिवारी रात्री तो 'आपला' होता. गुरुवारी सकाळी 'तुमचा' कसा झाला?

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून एवढं झालं की पडदा हवेसाठी वर जात नाही, हे मला समजलं. आम्ही टाळ्या कधी वाजवतो, तोंडं कधी पडतात, हे गल्लीला दिसावं म्हणून तो वर जातो.

आता अब्बांच्या एका चैनीबद्दल सांगायला हवं. अब्बांना वसीम अक्रमचं वेड होतं. पाकिस्तानचं नाही, वसीमच्या डाव्या हाताचं. 1992च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने लॅम्ब आणि लुईस यांना लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्रिफळाचीत केलं होतं. ते दोन चेंडू अब्बा रात्री, दुकान बंद करून आल्यावर, दिव्याखाली मला करून दाखवायचे. हातात दोऱ्याचं रीळ. "देख, ये बाहर जानेवाला लगता... और अंदर." रीळ भिंतीवर आपटायचं आणि दोरा खोलीभर. जुन्या चेंडूची एक बाजू घासून चकचकीत ठेवायची, दुसरी खरखरीत होऊ द्यायची, मग वेगात टाकलेला चेंडू शेवटच्या क्षणी चकचकीत बाजूकडेच कसा वळतो, हे मला पहिल्यांदा एका टेलरने समजावलं. कापडाचीही सुलटी आणि उलटी बाजू असते, म्हणायचे, ज्याला हाताला ती समजते तोच कारागीर.

पण हे सगळं पडदा खाली असताना, आणि हळू आवाजात.

पोस्टमन काका मात्र हेच उघड म्हणायचे. पाकिस्तानच्या मॅचला, भरल्या खोलीत, पडदा वर असताना. "काय टाकतो राव हा वसीम! असला एक जरी बॉलर आपल्याकडे असता तर!" सगळे माना डोलवायचे. अब्बा सुईत दोरा ओवायला घ्यायचे. काकांना यात काही वावगं वाटत नव्हतं आणि वाटायचं कारणही नव्हतं. खेळ समजणारा माणूस चांगल्या चेंडूला चांगला म्हणणारच. पण तोच चेंडू त्यांच्यापेक्षा जास्त समजणारा माणूस शेजारी गप्प बसला होता, हे त्यांच्या कधी लक्षात आलं का, मला माहीत नाही.

31 जानेवारी 1999, रविवार. पाकिस्तानचा संघ बऱ्याच वर्षांनी कसोटी खेळायला भारतात आला होता. दौऱ्याला विरोध होता, दिल्लीची खेळपट्टी उखडली गेली होती, म्हणून पहिली कसोटी चेन्नईला हलवली होती. रमजान ईद होऊन दहा-अकरा दिवस झालेले. ईदची शिलाई संपून अब्बा जरा मोकळे होते. मी आठवीत. पडदा वर.

271 धावांचं लक्ष्य, आणि 5 बाद 82. पुढे सचिन आणि मोंगिया. ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही. सचिनची पाठ धरली होती. दर चौकारानंतर तो वाकून उभा राहायचा. दादी तसबीह घेऊन बसली होती. सचिनला ती 'वो छोटा' म्हणायची. "वो छोटे की कमर कू कोई तेल लगाओ रे," असं दोनदा म्हणाली. मोंगिया 52 वर गेला. सचिन 136. सतरा धावा हव्या होत्या. सकलेनला उचलून मारायला गेला, चेंडू वर चढला आणि खाली वसीम. सचिन गेल्यावर उरलेले तिघे चार धावांत संपले. बारा धावांनी हरलो.

खोलीत कुणी बोलेना. अब्बांच्या हातात कुणाचा तरी सदरा होता. त्याच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले, हे मी पाहिलं.

आणि मग टीव्हीवर ते दिसलं. चेपॉकचे लोक उठून उभे राहिले होते. टाळ्या वाजवत होते. पाकिस्तानचे खेळाडू आधी गोंधळले असावेत, मग वसीमच्या मागे सगळ्यांनी मैदानाला फेरी मारली आणि टाळ्या थांबेनात. पोस्टमन काका उभे राहिले. "वा! याला म्हणतात पब्लिक!" तेही टाळ्या वाजवू लागले. दारात उभी असलेली दोन-तीन पोरंही.

अब्बांनी सदरा बाजूला ठेवला. सुई त्याच्यातच टोचून ठेवली. आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. जोरात नाही. शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या टाळ्या, बोटांच्या.

मी त्यांच्याजवळ सरकलो आणि कानात म्हणालो, "तालियां नको बजाओ अब्बा. परदा उप्पर है."

अब्बांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. रागावतील असं वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी सदरा पुन्हा मांडीवर घेतला आणि सुई शोधू लागले. सुई समोरच टोचलेली होती, तरी त्यांना बराच वेळ सापडली नाही.

त्या रात्री पडदा खाली सोडताना त्यांनी मला 1986ची गोष्ट सांगितली. मी वर्षाचा होतो. 18 एप्रिल, शारजा. शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना चेतन शर्माला मियांदादने षटकार मारला. अब्बांना त्या रात्री झोप लागली नव्हती. सकाळी दुकान उघडून पहिल्याच पँटीला माप लावत असताना ती पँट घालणारं गिऱ्हाईक हसत म्हणालं, "काय मास्तर, रात्री बिर्याणी का?" अब्बाही हसले. हातातला टेप तसाच धरून हसले. "हंसना पडता," म्हणाले. पुढच्या मॅचपासून पडदा वर. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. ते गिऱ्हाईक नंतरही वर्षानुवर्षं कपडे शिवायला येत राहिलं, त्याच्या मुलाच्या लग्नाचा सफारीही अब्बांनीच शिवला.

"आज तूने सही किया," असंही म्हणाले. हे ते म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

पुढच्याच रविवारी दिल्लीत कुंबळेने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले. पडदा वर होता, फटाके वाजले, सगळं नेहमीसारखं झालं.

2000 साल आमच्या घरात विचित्र गेलं. मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात डिसेंबरमध्ये बोर्डाने अझहरवर आजन्म बंदी घातली. आपाचं तेव्हा लग्न ठरलेलं होतं. तिने वही जाळली नाही, फाडली नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. बाजारात अब्बांना पुन्हा 'तुमचा अझहर' ऐकावं लागलं. बंदी त्याच दिवशी जडेजावरही आली होती, पाच वर्षांची. बंगळूरचा तोच जडेजा. 'तुमचा जडेजा' असं कुणी कुणाला म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पुढे न्यायालयांत दोघांच्याही बंदी टिकल्या नाहीत, पण तोवर त्यांचं खेळायचं वय सरलं होतं.

आणि त्याच वर्षी, दोनच महिने आधी, ऑक्टोबरमध्ये नैरोबीला एक डावखुरा पोरगा भारताकडून खेळायला उतरला होता. झहीर खान. श्रीरामपूरचा! आमच्या शेजारच्याच तालुक्यातला. एसटीने जाऊन दुपारच्या जेवणाला परत यावं एवढं अंतर. स्टीव्ह वॉचा त्याने यॉर्करवर उडवलेला त्रिफळा दाखवला की सगळं स्टँड, चहाची टपरी, सलूनवाला, साखर कारखान्याचे लोक म्हणायचे, "आपल्याकडचा आहे." प्रत्येकाचा कुणीतरी त्याच्या शाळेत शिकलेला निघायचा. अब्बांकडे येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने तर त्याच्या घरच्यांचे कपडे आपल्या ओळखीच्या टेलरकडेच जातात, अशी थाप मारली होती. अब्बांनी ती आनंदाने खरी मानली. डाव्या हाताचा जलद गोलंदाज, चेंडू आत आणणारा, जुना चेंडू फिरवणारा, आणि नगर जिल्ह्याचा. अब्बांना आता मोठ्याने बोलता येत होतं. झहीरबद्दल ते इतकं बोलायचे की अम्मी कंटाळायची. मनगट, शिवण, चकाकी, सगळं भर दुकानात. मला कधीकधी वाटायचं, यातलं निम्मं कौतुक दुसऱ्याच कुणाचं तरी साठलेलं आहे.

दादी 2004 मध्ये गेली. पोस्टमन काका निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला राहायला गेले. दुकान अब्बांनी रेडिमेडच्या लाटेत काही वर्षं रेटलं, मग बंद केलं. आता ते आणि अम्मी पुण्यात माझ्याकडे असतात. फ्लॅटला लाकडी दार, त्याच्या बाहेर जाळीचं दार. पडदा नाही.

23 ऑक्टोबर 2022, रविवार. दिवाळी लागली होती, सोसायटीत आकाशकंदील. मेलबर्नला भारत-पाकिस्तान. माझी मुलगी नऊ वर्षांची, आजोबांना चिकटून बसलेली. हॅरिस राऊफने आधी रोहितला आणि मग सूर्यकुमारला बाद केलं. सूर्यकुमारचा चेंडू उसळून बॅटची कड घेऊन गेला आणि मुलगी टाळी वाजवून ओरडली, "काय भारी बॉल होता दादा! एकदम भारी!"

खाली जिन्यात कुणीतरी होतं. समोरच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या म्हणून लाकडी दार उघडंच राहिलं होतं.

दाराकडे आधी मी पाहिलं. मग अब्बांकडे. ते माझ्याकडेच बघत होते. तेवीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच. तोंडातून निघायच्या बेतात असलेलं वाक्य मी गिळलं.

"हां," अब्बा मुलीला म्हणाले. "भारी होता. पण हा उजव्या हाताचा. तू वसीमला पाहिलं नाहीस."

"वसीम कोण?"

पुढे कोहली खेळला. राऊफला लागोपाठ दोन षटकार मारले, शेवटच्या चेंडूवर जिंकलो, सोसायटीत एकच कल्ला झाला. पण त्याआधी, 4 बाद 31 असताना, घरात सगळे हातपाय गाळून बसलेले असताना, अब्बांनी वहिनींच्या ताटातला बेसनाचा लाडू उचलला. डाव्या हातात धरला, दोन बोटं वर, अंगठा खाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जवळचं नीट दिसत नाही, तरी लाडवाला नसलेली शिवण त्यांनी बरोबर धरली. लॅम्ब कुठे उभा होता, लुईस कुठे, हे सोफ्याच्या उशांनी मांडून झालं. आवाज चांगलाच चढला होता. वहिनी ताट रिकामं व्हायची वाट बघत दारातच उभ्या राहून ऐकत होत्या.

"ये बाहर जानेवाला लगता..." अब्बा म्हणाले, आणि मनगट मागे नेलं.

आतून अम्मीचा आवाज आला, "लड्डू खाने का है, फेकने का नै!"